पाचवा कप

त्या रविवारी सकाळी मावसभावाकडे आम्ही चार जण टपकलो. त्याच्या ओट्यावर दोन बॉयलरचं, चकचकीत स्टीलचं, हलवायचं तर दोघांनी धरावं लागेल असं एस्प्रेसोचं यंत्र आहे. मी माझं धाकटं यंत्र पिशवीत घालून नेलं होतं, कारण आदल्या आठवड्यात फोनवर आमची पैज लागली होती. त्याचं म्हणणं, दीड-दोन लाखांचं यंत्र कुठे आणि तुझं ते चाळीस हजारांच्या आतलं कुठे. माझं म्हणणं, डोळे झाकून पाजलं तर तुलाही ओळखता येणार नाही.

बीन्स एकाच पाकिटातले, दळण त्याच्याच ग्राइंडरवर, मापं तराजूवर. दोन यंत्रांतून दोन शॉट काढले आणि वहिनींपुढे ठेवले. त्यांनी दोन्ही चाखले, परत चाखले आणि म्हणाल्या, ‘‘सारखंच आहे हो.’’ मावशी म्हणाली, ‘‘मला दोन्ही कडूच लागतंय, साखर कुठेय?’’ मावसभावाने जो कप त्याच्या यंत्राचा म्हणून उचलला, तो माझा निघाला. मी पैज जिंकलो.

पण ती पहिल्या कपापुरती. घरात माणसं सहा होती आणि कॉफी सगळ्यांनाच हवी होती, बहुतेकांना दूध घालून. त्याच्या यंत्रातून एकीकडे शॉट उतरत होता, दुसरीकडे दूध फेसाळत होतं आणि गप्पांत खंड नव्हता. माझ्या यंत्राचा दुसरा कप बरा आला, तिसरा आंबट आला, चौथ्यासाठी दूध तापवायला दिवा लागायची वाट बघत मी उभा राहिलो. पाचवा कप निघालाच नाही. तोवर काकांनी चहा टाकायला सांगितला होता.

महाग आणि स्वस्त यंत्रातला फरक मला त्या सकाळी नीट समजला. चवीचा फरक असतोही, पण जास्तीचे पैसे मोजून माणूस मुख्यतः पाचवा कप विकत घेतो.

एस्प्रेसो म्हणजे काय, हे मोजक्या आकड्यांत सांगता येतं. बारीक दळलेली कॉफी, नव्वद-त्र्याण्णव अंश सेल्सियसच्या आसपासचं पाणी, ९ बार दाब आणि पंचवीस-तीस सेकंद. इटलीतली जुनी चाल एका कपाला ७ ग्रॅम पूड आणि २५ मिलीच्या आसपास पेयाची; हल्ली घरोघरचे हौशी लोक १८ ग्रॅम पूड घेऊन ३६ ग्रॅम पेय काढतात. ९ बार म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या नऊपट. व्यावसायिक मापाच्या ५८ मिलिमीटर बास्केटमध्ये, म्हणजे पूड भरायच्या चाळणीदार वाटीत, कॉफीच्या चकतीवर त्याने एकूण सुमारे २४० किलोंचा भार पडतो. तीन धट्टीकट्टी माणसं त्या चकतीवर उभी आहेत असं समजा. म्हणूनच पूड विस्कळीत भरली असेल तर पाणी सगळ्या पुडीतून न जाता जिथे भेग सापडेल तिथून पळवाट काढतं आणि कप एकाच वेळी आंबटही लागतो, कडूही.

हा दाब कुठून आणायचा, यातच एस्प्रेसोचा सगळा इतिहास आहे. तूरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. पुढे मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ मध्ये त्याला एकेका कपाचं रूप दिलं आणि देसिदेरिओ पाव्होनीने ते हक्क घेऊन यंत्रं बाजारात आणली. वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार, आणि वाफेमुळे कॉफी करपायची. आकिले गाज्जियाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांडा आणि स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या बसवला, तेव्हा दाब ९ बारच्या घरात गेला आणि कपावर पहिल्यांदा ती तांबूस साय आली, जिला क्रेमा म्हणतात. त्यानंतर १९६१ मध्ये फाएमा कंपनीने ‘ई-६१’ आणलं. त्यात दांड्याच्या जागी विजेचा पंप आला. त्या साली युरोपात खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, त्यावरून हे नाव. आजही हजारो घरगुती यंत्रांच्या तोंडाशी जो पितळी, क्रोम चढवलेला, चारेक किलोंचा ठोकळा दिसतो, तो याच ई-६१चा. मावसभावाच्या यंत्रालाही तोच आहे.

आता दुकानात चला. बारा-पंधरा हजारांच्या यंत्राच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५ बार’ लिहिलेलं असतं, कधी ‘२० बार’. लाखाच्या यंत्रावर मात्र असं काही दिसत नाही. मग स्वस्त यंत्रात जास्त दाब कसा? तो आकडा पंपाचा असतो, कपाचा नव्हे. घरगुती यंत्रांत जो छोटा कंपन पंप असतो, त्याचं तोंड पूर्ण बंद केलं तर तो जास्तीत जास्त तेवढा दाब देऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. पाणी वाहू लागलं की दाब उतरतो. चांगल्या यंत्रात एक झडप बसवलेली असते. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की ती उघडते आणि जास्तीचं पाणी टाकीत परत सोडते. गाज्जिया क्लासिक हे १९९१ पासून चालत आलेलं यंत्र कित्येक घरांत पोचलं आहे. त्यात ही झडप कारखान्यातून बरीच वर्षं ९ बारपेक्षा जास्तीवर लावून यायची आणि हौशी लोक स्प्रिंग बदलून ती खाली आणायचे. तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचून भुलू नये.

माझं अगदी पहिलं यंत्र त्या बारा-पंधरा हजारांतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यातून असा जाड क्रेमा आला की मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. चव पाणचट होती, पण दिसायला हॉटेलसारखं. महिन्याभराने बास्केट धुताना मी ती खिडकीकडे धरली. साध्या बास्केटच्या बुडाला चाळणीसारखी शेकडो भोकं असतात. हिच्या आतल्या बाजूलाही तशीच चाळणी होती, पण बाहेरच्या बाजूने पाहिलं तर गुळगुळीत पत्रा आणि मधोमध सुई टोचल्यासारखं एकच भोक. उजेडाचा एकच ठिपका. कॉफी कशीही दळा, बाजारातली तयार पूड घाला, पाणी त्या एका भोकातून फवाऱ्यासारखं उडणार आणि हवेने फेस होणार. माझा क्रेमा त्या भोकाचा होता, कॉफीचा नव्हता.

याला दुहेरी भिंतीची बास्केट म्हणतात. तिच्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे ग्राइंडर नाही, ज्याला सकाळी पाच मिनिटांत दूध-कॉफी पिऊन लोकल गाठायची आहे, त्याच्यासाठी ती सोयच आहे. फक्त त्या माणसाने हे ओळखून असावं की इथे दाब पुडीमुळे तयार होत नाही, भोकामुळे होतो. अशा यंत्राला साधी, एका भिंतीची बास्केट वेगळी मिळत असेल तर ती घ्यावी. मग यंत्राचा खरा स्वभाव कळतो. आपलाही कळतो.

आणि ती घेतली की लगेच ग्राइंडरचा प्रश्न उभा राहतो. या विषयात माझं मत ठाम आहे: पन्नास हजार खर्चायचे असतील तर निम्मे ग्राइंडरवर जाऊ द्या. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कॉफी फिरवली तर काही पिठी होते, काही रवा, काही कण्या. पाणी कण्यांमधून सटकतं आणि पिठी तळाशी चिखल करते. दळणाऱ्या दोन दातेरी भागांच्या, म्हणजे ‘बर’च्या ग्राइंडरात जात्यासारखी ठरलेली फट असते, त्यामुळे दाणा एकसारखा निघतो. आणि एस्प्रेसोला ही फट केसभर बदलली तरी शॉटची वेळ वीस सेकंदांवरून पस्तीसवर जाते. म्हणून टप्पे बारीक असलेला ग्राइंडर हवा. चांगला हाताने फिरवायचा ग्राइंडर विजेच्या त्याच तोडीच्या ग्राइंडरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. फक्त १८ ग्रॅम दळायला मिनिटभर मनगट लावावं लागतं. पैज मी पहिल्या कपाला जिंकलो, त्याचं निम्मं श्रेय मावसभावाच्या ग्राइंडरचं होतं, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

मग यंत्रात पैसा जातो कुठे? उष्णतेत.

माझ्या आत्ताच्या यंत्रात एकच छोटा बॉयलर आहे, १०० मिलीच्या आसपासचा. एक शॉट काढताना कपात ३६ ग्रॅम पेय उतरतं, वीसेक ग्रॅम पाणी पुडीतच मुरतं. म्हणजे साठेक मिली गरम पाणी बाहेर गेलं आणि तेवढंच टाकीतलं गार पाणी आत आलं. निम्म्याहून जास्त. पातेल्यातलं अर्धं गरम पाणी काढून माठातलं ओतलं तर काय होईल, तसंच हे. हीटर लगेच कामाला लागतो, पण त्याचा मालक साधा थर्मोस्टॅट, इस्त्रीत असतो त्याच जातीचा. ठरावीक उष्णतेला टक करून बंद होतो, बरंच गार झालं की टक करून चालू. मधल्या काळात पाणी दहा अंश वर-खाली सहज होतं. पाणी गार तर कॉफी आंबट, जास्त गरम तर कडू. या यंत्रांवर चांगली कॉफी काढणारे लोक दिव्याकडे बघून, सेकंद मोजून, थोडं पाणी सोडून नेमका क्षण पकडतात. पहिल्या कपाला हे जमतं, कारण यंत्र वीस मिनिटं निवांत तापलेलं असतं. एकामागून एक कप काढायला लागलं की गणित बिघडतं. माझा तिसरा कप आंबट आला तो त्यामुळे.

यावरचा पहिला उपाय बराच स्वस्त आहे: पीआयडी नावाचा नियंत्रक. थर्मोस्टॅट दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणाऱ्यासारखा, पीआयडी दूध वर यायला लागलं की आधीच गॅस बारीक करणाऱ्या आजीसारखा. किती अंतर उरलंय, किती वेगाने चढतंय, याचा सतत हिशेब ठेवून तो हीटरला थोडी थोडी वीज देतो आणि पाणी एका अंशाच्या आत ठेवतो. मधल्या किमतीच्या यंत्रात पैसे टाकण्याजोगं एकच काही विचाराल तर मी हे सांगेन.

दुसरा उपाय वजनाचा. चार किलो पितळ एकदा तापलं की सहजासहजी गार होत नाही. गार पाण्याचा झटका ते पचवतं. ई-६१च्या ठोकळ्यातून बॉयलरचं गरम पाणी सतत आपोआप फिरत राहतं, म्हणून तो तापलेला राहतो. फ्लॉरेन्सच्या ला मार्झोक्को कंपनीने १९७०च्या आपल्या यंत्रात आणखी पुढे जाऊन हे तोंडच बॉयलरला जोडून पाण्याने भरून टाकलं आणि कॉफीचा बॉयलर वेगळा, वाफेचा वेगळा केला. तेच तत्त्व घरातल्या ओट्यावर मावेल एवढं करून त्यांनी २०१५ मध्ये ‘लिनेआ मिनी’ आणलं. त्याच्या किमतीत आपल्याकडे बरी सेकंडहँड गाडी येते. एवढं पितळ तापायला वेळ लागतो, हे मात्र दुकानदार सांगत नाही. ई-६१चं यंत्र नीट तापायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. उलट थर्मोब्लॉकची छोटी यंत्रं, ज्यांत साठवलेलं पाणीच नसतं आणि तापलेल्या नळीतून जाता जाता ते गरम होतं, मिनिटाच्या आत तयार असतात. काही तर काही सेकंदांत.

खरी दरी दुधाची आहे, आणि आपल्याकडे ती मोठी, कारण आपण दुधाचे लोक. फ्रिजमधलं १५० मिली दूध साठ अंशांपर्यंत न्यायचं तर हिशेबाने पंधरा ग्रॅमच्या आसपास वाफ लागते. ती करायला हजार-तेराशे वॉटच्या हीटरला, काही वाया गेलं नाही असं धरलं तरी, पंचवीस ते पस्तीस सेकंद जातात. प्रत्यक्षात पाऊण-एक मिनिट. त्याआधी छोट्या बॉयलरला कॉफीच्या उष्णतेवरून वाफेच्या उष्णतेवर, म्हणजे सव्वाशे अंशांच्या घरात चढावं लागतं, आणि पुढच्या शॉटसाठी परत उतरावं लागतं. दिव्याकडे बघत मी उभा होतो तो हाच चढउतार. मोठ्या यंत्राच्या दीड-दोन लिटरच्या वाफेच्या बॉयलरमध्ये उष्णता आधीच कोंडून ठेवलेली असते. दोन लिटर पाणी सव्वाशे अंशांवरून सातच अंश खाली आलं तरी पंचवीसेक ग्रॅम वाफ सुटते. नळ उघडला की दूध भोवऱ्यासारखं फिरायला लागतं आणि पंधरा-वीस सेकंदांत काम फत्ते. हळू वाफेने बुडबुडे मोठे होतात, जोरदार वाफेने ते मोडून दूध ओल्या रंगासारखं गुळगुळीत होतं. पानाची नक्षी काढणाऱ्यांच्या हातात जादू असते, पण निम्मी जादू बॉयलरची.

या दोहोंच्या मध्ये एक जुनी तडजोड आहे. बॉयलर एकच, वाफेचा. त्याच्या पोटातून एक नळी जाते आणि टाकीतलं ताजं पाणी तिच्यातून जाता जाता कॉफीपुरतं तापतं. दूध आणि शॉट एकाच वेळी होतात. यंत्र रिकामं बसलं असेल तर नळीतलं पाणी जास्त तापतं, म्हणून आधी थोडं सोडून द्यावं लागतं. जास्त पाहुणे आणि कमी पैसे असलेल्या घराला मी हेच सुचवतो.

वीज नकोच म्हणणाऱ्यांचाही एक पंथ आहे. किटलीतलं उकळतं पाणी भांड्यात ओतून दांडा हाताने दाबायची छोटी यंत्रं मिळतात. ना बॉयलर, ना पंप. त्यातून निघणारा शॉट लाखाच्या यंत्राला तोंडात मारेल असा येऊ शकतो. ते एक पाहिलं की चांगल्या एका कपाला किती थोडं लागतं हे कळतं. दूध मात्र गॅसवर तापवून फेटायचं.

यंत्र घेताना लोक सगळं बघतात, पाणी बघत नाहीत. धरणाचं पाणी त्यामानाने मऊ. बोअरच्या जड पाण्याने वर्षभरात बॉयलरच्या आत गिझरच्या कॉइलसारखा पांढरा थर बसतो. माझं पहिलं यंत्र यातच गेलं. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअर, आणि मी डोळे मिटून नळाचं पाणी भरत होतो. एके दिवशी पंप नुसता घरघरला आणि थेंबही आला नाही. थर्मोब्लॉक उघडता येत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याने हात वर केले. शहाणपण येऊन आरओचं पाणी वापरावं, तर तिथेही मेख आहे. मोठ्या यंत्रांत बॉयलर भरलाय की नाही हे सांगणारी एक सळई असते, ती पाण्यातल्या क्षारांमधून वाहणाऱ्या विजेवर चालते. अगदीच क्षारहीन पाण्यातून वीज धड वाहत नाही, सळईला वाटतं बॉयलर रिकामाच, आणि यंत्र पाणी भरतच राहतं. म्हणून मावसभाऊ आरओच्या पाण्यात थोडं नळाचं मिसळतो.

परदेशातून यंत्र मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आमच्या नात्यात एकाने न्यू जर्सीहून सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून यंत्र आणलं. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्याने बाजारातून ट्रान्सफॉर्मर आणला, पण मिक्सरपुरता. हीटर चालू झाला आणि त्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर आला. दीड किलोवॉटचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तो यंत्राएवढाच जड निघाला. तरी पंप मंदच, कारण कंपन पंप विजेच्या तालावर ठोके टाकतो. तिकडे सेकंदाला साठ, इकडे पन्नास. मोठ्या यंत्रांत फिरता पंप असतो. तो घरघरत नाही, हा त्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा गुण, विशेषतः घरात सकाळी सहाला कोणी झोपलेलं असेल तर.

टिकाऊपणातही पैसा जातो. जाड पितळ, तांबं, आणि वीस वर्षांनीही मिळतील असे ठरावीक मापाचे सुटे भाग. माझ्या दुसऱ्या यंत्राचं रबरी गास्केट कडक होऊन पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा मी ते स्क्रूड्रायव्हरने उकरून काढलं आणि नवं बसवलं. पाऊण तास लागला. पंधरा हजारांच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात हे जमत नाही, आणि दोन लाखांच्या यंत्राचं झाकण स्वतः उघडायला माझा हात धजणार नाही.

एकट्या माणसाने दिवसाला दोन काळे शॉट प्यायचे असतील, तर दोन बॉयलर म्हणजे दोघांच्या घरात सहा बर्नरची शेगडी. चांगला ग्राइंडर, पीआयडी असलेलं एका बॉयलरचं यंत्र आणि भाजल्याची तारीख छापलेलं ताजं पाकीट, एवढं पुरतं. पाकिटावर नुसती ‘वापरण्याची मुदत’ असेल तर ते परत ठेवावं. ज्या घरात रोज चार दुधाळ कॉफ्या होतात, तिथे मात्र छोटं यंत्र घेणं म्हणजे सहा महिन्यांनी दुसरं घेणं.

मावसभावाने यंत्राला आता टायमर लावलाय. सहा वाजता ते चालू होतं, पावणेसातला तयार. तो उठतो साडेसहाला, आणि ते तापेपर्यंत वहिनींनी केलेला आल्याचा चहा पितो.